हुमणीवर टाकलेलं औषध मातीत किती वर्षं राहतं? हा प्रश्न जगाला विचारायला लावणाऱ्या रेचेल कार्सन

२७ मे जयंती विशेष

मे महिना संपत आला की कृष्णा आणि वारणा काठच्या शेतकऱ्याला दोनच गोष्टींची चिंता असते. एक पाऊस आणि दुसरी हुमणी. वळवाचा एखादा चांगला पाऊस झाला की संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर भुंगेरे गोळा होतात. त्यांची अंडी जमिनीत जातात आणि पुढं ऊस पिवळा पडून मुळासकट हातात येतो. मग कृषी सेवा केंद्रातून दाणेदार औषध आणायचं आणि बुडाला टाकायचं, हे गेली कित्येक वर्षं चालत आलं आहे.

पण टाकलेलं ते औषध पुढं जातं कुठं? सगळंच पिकात जात नाही, सगळंच पाण्याबरोबर वाहून जात नाही. काही भाग मातीतच राहतो. किती राहतो, किती वर्षं राहतो, पुढच्या पिकात उतरतो का, हे आपल्या घरातल्या मृदा आरोग्य पत्रिकेवर लिहिलेलं नसतं. त्या पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि जस्त-लोह वगैरे सूक्ष्म अन्नद्रव्यं अशा १२ गोष्टी असतात. कीटकनाशकाचा रकानाच नाही.

हा रकाना मांडायला हवा, हे साठेक वर्षांपूर्वी जगाला ठणकावून सांगणारी बाई अमेरिकेतली होती. ती शेतकरी नव्हती, पुढारी नव्हती, प्रयोगशाळेत बसून माती मोजणारीही नव्हती. सरकारी मत्स्य खात्यात काम केलेली एक लेखिका होती. तिचं नाव रेचेल कार्सन. आज, २७ मे, तिची जयंती.

आईनं भांडी विकून शिकवलं

रेचेल यांचा जन्म १९०७ चा. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, अ‍ॅलेघनी नदीकाठी स्प्रिंगडेल नावाचं छोटं गाव आहे, तिथला. वडिलांची सुमारे ६५ एकर जमीन होती, पण शेतीवर घर चालत नव्हतं. वडील विमा विकायचे, आई मारिया पियानो शिकवायची. तीन भावंडांत रेचेल धाकटी. आई आधी शिक्षिका होती. ती या धाकटीला घेऊन रानात फिरायची, पाखरं दाखवायची, झाडं ओळखायला शिकवायची.

लिहिण्याची आवड पहिल्यापासून. १९१८ साली, वयाच्या ११ व्या वर्षी, लहान मुलांच्या एका मासिकात तिची गोष्ट छापून आली. पुढं पिट्सबर्गला मुलींच्या कॉलेजात नाव घातलं ते इंग्रजी साहित्य शिकायला. फी भरायला पैसे नसायचे. वडिलांनी जमिनीचे तुकडे विकायला काढले, आईनं घरातली चिनी मातीची चांगली भांडी विकली. आपल्याकडे पोरीच्या शिक्षणासाठी गळ्यातलं सोनं मोडणारी आई असते, तसंच हे.

कॉलेजात मेरी स्किंकर नावाच्या जीवशास्त्राच्या बाई भेटल्या आणि रेचेलनं विषयच बदलला. त्या काळी मुलींनी विज्ञान शिकून करायचं काय, असंच बहुतेकांना वाटायचं. १९२९ साली पदवी, मग जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून १९३२ साली प्राणिशास्त्रात एम.ए. पुढं डॉक्टरेट करायची होती, पण देशात महामंदी होती आणि घरात पैसा नव्हता. शिक्षण तिथंच थांबलं.

पगारावर सगळं घर

१९३५ साली वडील वारले. घराचा भार रेचेल यांच्यावर आला. मत्स्य खात्यात रेडिओसाठी माशांवर छोटे कार्यक्रम लिहायचं तात्पुरतं काम मिळालं. मग सरकारी परीक्षा दिली, त्यात सगळ्यांत जास्त गुण मिळवले आणि १९३६ साली खात्यात कायम झाल्या. अशा शास्त्रीय पदावर त्या खात्यात घेतलेल्या त्या दुसऱ्याच बाई.

पुढच्याच वर्षी मोठी बहीण वारली. तिच्या दोन मुली पदरात आल्या. म्हणजे म्हातारी आई, दोन भाच्या आणि एकटीचा पगार. दिवसा नोकरी, रात्री लिखाण. रेचेल यांनी लग्न केलं नाही.

समुद्रावरचं त्यांचं पहिलं पुस्तक १९४१ साली आलं आणि युद्धाच्या धामधुमीत कुणाच्या लक्षातही आलं नाही. १९५१ साली आलेलं दुसरं पुस्तक मात्र इतकं गाजलं, की ते ८६ आठवडे सर्वाधिक खपाच्या यादीत राहिलं. त्याला देशातलं मोठं साहित्य पारितोषिक मिळालं. हातात पैसा आला तशी १९५२ साली नोकरी सोडली आणि पूर्णवेळ लिहायला लागल्या. इथंच थांबल्या असत्या तरी समुद्रावर गोड लिहिणारी लेखिका म्हणून नाव राहिलं असतं.

डीडीटीचा जमाना

आता त्या काळातल्या शेतीकडं बघू. डीडीटी हे रसायन १८७४ सालीच तयार झालं होतं, पण त्यानं किडे मरतात हे १९३९ साली स्वित्झर्लंडच्या पॉल म्युलर यांनी दाखवलं. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या अंगावरच्या उवा आणि डास मारायला ते वापरलं गेलं. हजारोंचे जीव वाचले. १९४८ साली म्युलर यांना नोबेल मिळालं. हे सगळं खरं आहे आणि त्याचं मोल कमी करायचं कारण नाही.

युद्ध संपल्यावर तेच औषध शेतात आलं. मागोमाग बीएचसी, अल्ड्रिन, डिल्ड्रिन, हेप्टाक्लोर, क्लोरडेन आले. या औषधांची खुबी म्हणजे ती लवकर नष्ट होत नाहीत. एकदा मारलं की बरेच दिवस काम करतं, म्हणून शेतकरी खूश. पण जी खुबी होती तीच पुढं डोकेदुखी ठरली. जे लवकर नष्ट होत नाही ते साठत जातं. आपल्याकडच्या जुन्या माणसांना बीएचसी पावडर आठवत असेल. गोणीतून उघड्या हातानं काढून ज्वारीवर, भुईमुगावर धुरळायचे. तोंडाला फडकं बांधलं की झालं.

रेचेल यांना या औषधांची शंका लवकर आली होती. १९४५ सालीच त्यांनी एका मोठ्या मासिकाला डीडीटीवर लेख देऊ का म्हणून विचारलं. मासिकाला त्यात रस वाटला नाही. विषय राहून गेला.

एक पत्र आलं

१९५८ च्या जानेवारीत ऑल्गा हकिन्स नावाच्या मैत्रिणीचं पत्र आलं. मॅसॅच्युसेट्समध्ये तिच्या घराभोवती पाखरांसाठी राखलेली जागा होती. डास मारायला सरकारी विमानानं वरून डीडीटी फवारलं आणि दुसऱ्या दिवशी अंगणात पाखरं मरून पडली. त्याच सुमाराला न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडमध्ये विमानातून होणाऱ्या डीडीटी फवारणीविरुद्ध लोक कोर्टात गेले होते. रसायनाशिवाय भाजी पिकवणाऱ्या दोन बायका त्यात पुढं होत्या. त्यांच्या स्वच्छ रानावर सरकारनंच औषध ओतलं होतं. खटला त्या हरल्या, पण खटल्यासाठी गोळा झालेले कागद आणि साक्षी रेचेल यांच्या हाती आल्या.

रेचेल यांना वाटलं होतं की दुसऱ्या कुणीतरी यावर लिहावं. कुणी तयार होईना. शेवटी स्वतःच बसल्या. काम काही महिन्यांचं वाटत होतं, लागली चार वर्षं.

पद्धत अशी होती. कुठल्याही ऐकीव गोष्टीवर लिहायचं नाही. ज्यानं माती तपासली, ज्यानं मेलेलं पाखरू चिरून त्यातलं औषध मोजलं, त्या शास्त्रज्ञाला पत्र लिहायचं, त्याचा अहवाल मागवायचा, लिहिलेलं प्रकरण त्याच्याकडूनच तपासून घ्यायचं. सरकारी खात्यातल्या जुन्या ओळखी इथं कामाला आल्या. पुस्तकाच्या शेवटी संदर्भांची यादीच पन्नासेक पानांची झाली.

तिकडची हुमणी

त्या अहवालांतली एक गोष्ट आपल्या भागातल्या माणसाला लगेच कळेल. अमेरिकेत १९१६ साली जपानमधून एक भुंगेरा आला. त्याची अळी आपल्या हुमणीच्याच कुळातली, पांढरी, वाकडी, जमिनीत राहून मुळं खाणारी. इलिनॉय राज्यात शेल्डन गावाच्या परिसरात १९५४ पासून सरकारनं तिच्यावर विमानानं डिल्ड्रिन टाकलं.

अळ्या विषबाधेनं जमिनीच्या वर आल्या. त्या खायला पाखरं आली, पाखरं मेली. जमिनीतल्या खारी मेल्या. शेतावरची मांजरं मेली, पहिल्याच हंगामात जवळजवळ सगळी. औषध वाऱ्यानं ज्या कुरणात उडालं तिथं चरणाऱ्या मेंढ्याही मेल्या. एवढं करून भुंगेरा संपला का? नाही. तो पुढच्या गावांत सरकतच राहिला आणि फवारणीही वर्षानुवर्षं चालूच राहिली.

गंमत म्हणजे यावरचा साधा उपाय पूर्वेकडच्या राज्यांत आधीच सापडला होता. या अळीला एक जिवाणूजन्य रोग होतो. त्याचे बीजाणू जमिनीत टाकले की अळ्या रोगानं मरतात, बाकी कुणाला काही होत नाही आणि बीजाणू मातीत टिकून राहतात. काम हळू होतं, पण टिकतं. आपल्याकडे आता हुमणीसाठी मेटारायझियम ही बुरशी शेणखतातून टाकायला सांगतात, त्यामागचा विचार हाच.

दुसरी गोष्ट गांडुळांची. मिशिगनच्या विद्यापीठाच्या आवारात एल्म नावाच्या झाडांवर रोग पसरवणाऱ्या भुंगेऱ्यासाठी डीडीटी मारलं जायचं. वसंतात रॉबिन नावाची पाखरं यायची आणि तडफडून मरायची. फवारणी तर महिन्यांपूर्वी झालेली. मग मरतात कशानं? प्राध्यापक जॉर्ज वॉलेस आणि इलिनॉयचे रॉय बार्कर यांच्या कामातून साखळी उलगडली. औषध पानांवर, पानं गळून जमिनीवर, ती पानं गांडुळांनी खाल्ली, औषध गांडुळाच्या अंगात साठलं, गांडूळ रॉबिननं खाल्लं. मोठी ११ गांडुळं खाल्ली तरी एक रॉबिन मरेल एवढं विष पोटात जात होतं. रॉबिनला ११ गांडुळं म्हणजे काही मिनिटांचं काम. आपल्याकडे नांगरामागं चालणारे बगळे डोळ्यांपुढं आणले की हे लगेच समजतं.

वेली वाळल्या, भुईमूग नासला

मातीत राहिलेल्या औषधावर रेचेल यांनी वेगळं प्रकरणच लिहिलं. त्यातली उदाहरणं आजही शेतकऱ्यानं वाचण्यासारखी आहेत.

वॉशिंग्टन आणि आयडाहो राज्यांत हॉपची शेती आहे. हॉप म्हणजे बिअरसाठी लागणारा वेल, आपल्या द्राक्षासारखा मांडवावर चढवलेला. १९५५ साली मुळं खाणाऱ्या किडीसाठी तज्ज्ञांच्या आणि कंपन्यांच्या सल्ल्यानं शेतकऱ्यांनी जमिनीत हेप्टाक्लोर टाकलं. वर्षाच्या आत वेली वाळायला लागल्या. ज्यांनी औषध टाकलं नव्हतं त्यांच्या बागा शेजारीच हिरव्या होत्या. मोठा खर्च करून नव्यानं लावण केली, पुढच्या वर्षी तीही वाळली. चार वर्षांनी माती तपासली तेव्हाही हेप्टाक्लोर होतंच, आणि ते कधी जाईल हे शास्त्रज्ञांनाही सांगता येत नव्हतं. शेतकरी कोर्टात गेले. सल्ला देणारे मोकळे आणि नुकसान बागाईतदाराचं.

दुसरं भुईमुगाचं. कापसावर बीएचसी भरपूर मारलं जायचं. त्याच रानात पुढं भुईमूग घेतला की औषध जमिनीतून शेंगेत उतरायचं. नुसता अंश असला तरी दाण्याला कुबट वास आणि चव यायची, ती भाजूनही जात नव्हती. म्हणजे औषध मारलं एका पिकावर आणि माल नासला दुसऱ्याच पिकाचा.

आणि किती दिवस टिकतं? त्या वेळच्या मोजणीत बीएचसी ११ वर्षांनी सापडलं होतं, हेप्टाक्लोर किंवा त्यापासून बनलेलं रसायन ९ वर्षांनी, आणि क्लोरडेनचा १५ टक्के भाग १२ वर्षांनीही मातीत होता.

आजार लपवून लिहिलं

या चार वर्षांत घरी काय चाललं होतं? १९५७ साली भाची वारली होती. तिचा ५ वर्षांचा मुलगा रॉजर याला रेचेल यांनी दत्तक घेतलं. १९५८ च्या डिसेंबरमध्ये आई गेली. १९६० साली स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, पण आजार किती आहे हे डॉक्टरांनी सुरुवातीला नीट सांगितलं नाही. पुढं रेडिएशन घ्यावं लागलं. त्यातच सांधे धरले, डोळ्यांना सूज येऊन काही आठवडे वाचताही येईना.

रेचेल यांनी आपला आजार लोकांपासून लपवून ठेवला. कारण साधं होतं. औषधं आणि कॅन्सर यांचा संबंध त्या पुस्तकात तपासत होत्या. बाई स्वतः आजारी आहे म्हणून रागानं लिहिते, असं म्हणायला कुणाला जागा मिळू नये.

१९६२ च्या जूनमध्ये पुस्तकाचा भाग एका साप्ताहिकात आला आणि २७ सप्टेंबरला सायलेंट स्प्रिंग हे पुस्तक बाजारात आलं. नावाचा अर्थ मुका वसंत. पाखरंच उरली नाहीत तर वसंतात आवाज कुणाचा येणार, हा त्यामागचा विचार.

वादळ उठलं. एका कंपनीनं प्रकाशकाला कोर्टाची भीती घातली. दुसरीनं पुस्तकाची टिंगल करणारा मजकूर छापून वाटला. बाई भावनेच्या भरात लिहिते, बिनलग्नाची आहे, तिला पुढच्या पिढीचं काय, इथवर मजल गेली. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी मात्र शास्त्रज्ञांची समिती नेमली. समितीचा अहवाल १५ मे १९६३ ला आला आणि त्यानं रेचेल यांच्या मुख्य मुद्द्यांना दुजोरा दिला. जूनमध्ये त्या सिनेटच्या समितीपुढं साक्षीला गेल्या. तेव्हा चालणंही अवघड झालं होतं.

१४ एप्रिल १९६४ ला, वयाच्या ५६ व्या वर्षी, त्या गेल्या. पुस्तक येऊन दीड वर्षच झालं होतं. अमेरिकेत पर्यावरणाचं वेगळं सरकारी खातं १९७० साली झालं आणि १९७२ साली शेतीत डीडीटी बंद झालं. हे बघायला त्या नव्हत्या.

त्यांनी काय म्हटलं नव्हतं

रेचेल यांच्यावर एक आरोप अजून होतो, की त्यांच्यामुळं डीडीटी बंद झालं आणि मलेरियानं माणसं मेली. हे नीट बघायला हवं. सगळी औषधं बंद करा असं त्यांनी लिहिलंच नाही. रोगराईशी लढू नका असंही नाही. विचार न करता, मोजमाप न करता, सरसकट फवारू नका, कारण किडे आणि डास औषधाला दाद देईनासे होतात, हा मुद्दा होता.

आपल्या देशाचंच उदाहरण घ्या. १९५३ साली मलेरियाविरुद्ध मोहीम सुरू झाली, घरोघरी डीडीटी मारलं गेलं आणि साठच्या दशकाच्या मध्याला रुग्ण लाखभरावर आले. पण १९७६ साली ते परत ६४ लाखांवर गेले. भारतात तेव्हा डीडीटीवर बंदी नव्हती. डासांना औषधाची सवय झाली होती आणि मोहीमही ढिली पडली होती.

त्यांचं सगळंच बरोबर ठरलं असंही नाही. कॅन्सरबद्दलच्या काही अंदाजांवर शास्त्रज्ञांत पुढंही वाद राहिला. पण जमिनीत साठणं, अन्नसाखळीत चढत जाणं आणि किडींची सवय, हे तीन मुद्दे टिकले.

भारतात ही औषधं एकेक करून बंद होत गेली. डीडीटीचा शेतीतला वापर १९८९ साली बंद झाला, फक्त रोगनियंत्रणासाठी तो ठेवला गेला. अल्ड्रिन, क्लोरडेन, हेप्टाक्लोर १९९६ साली आणि बीएचसी १९९७ साली बंद झालं. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली बंदी आणली. हुमणीसाठी आपल्याकडे गोणीनं वापरलेलं फोरेट २०२० च्या अखेरीस बंद झालं.

आपल्या एकराचा हिशेब

आता आपल्या मातीवर येऊ. एक एकर जमिनीचा वरचा १५ सेंटीमीटर थर म्हणजे साधारण ८ ते ९ लाख किलो माती. १० टक्क्यांचं दाणेदार औषध १० किलो टाकलं तर त्यात खरं विष १ किलो. ते सगळीकडं सारखं मिसळलं तर मातीत प्रमाण होतं १ पीपीएमपेक्षा थोडं जास्त. पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग, एक किलो मातीत एक मिलिग्रॅम.

आजची यंत्रं ०.०१ पीपीएमसुद्धा सहज पकडतात. म्हणजे अख्ख्या एकरातल्या वरच्या थरात ८-९ ग्रॅम औषध असलं तरी सापडतं. युरोपला जाणाऱ्या मालात ज्या औषधाला वेगळी मर्यादा दिलेली नाही, त्याला हीच ०.०१ ची मर्यादा लागते.

साठण्याचा हिशेबही सोपा आहे. समजा दरवर्षी १ किलो विष टाकलं आणि ते वर्षात निम्मं होतं. मग जमिनीतला साठा कितीही वर्षं गेली तरी २ किलोच्या आतच राहील. पण निम्मं व्हायला ४ वर्षं लागत असतील तर साठा वाढत वाढत ६ किलोच्या पुढं जाईल. टाकणं तेच, पण औषध बदललं की जमिनीतला हिशेब तिप्पट. भारी काळी जमीन औषध जास्त धरून ठेवते. ऊन, ओल आणि सेंद्रिय कर्ब चांगला असेल तर जिवाणू ते लवकर फोडतात.

तपासायचं असेल तर नमुना नीट घ्यायला हवा. नागमोडी चालत १५-२० ठिकाणची वरच्या थराची माती घ्यावी. बांधाजवळची, उकिरड्याजवळची आणि जिथं औषधाचा ड्रम कालवतो तिथली घेऊ नये. फवारणीच्या घमेल्यात किंवा औषधाच्या रिकाम्या पिशवीत तर मुळीच नको. माती एकत्र करून चार भाग करत अर्धा किलो ठेवावी आणि लवकर पोचवावी. गेल्या तीन वर्षांत काय काय टाकलं त्याची यादी सोबत द्यावी. ही तपासणी तालुक्याच्या साध्या माती परीक्षणात होत नाही आणि खर्चही त्यापेक्षा बराच जास्त येतो. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि पुण्याजवळ मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र इथं अवशेष तपासणीचं काम चालतं. आधी सातारा जिल्ह्यातल्या बोरगाव किंवा कालवडेच्या आणि सांगली जिल्ह्यातल्या कांचनपूरच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून घेतलेलं बरं.

द्राक्षानं शिकवलेला धडा

अवशेष मोजणं म्हणजे काय हे तासगाव, मिरज, खानापूरच्या द्राक्ष बागाईतदाराला वेगळं सांगायला नको. युरोपात २००३ साली भारतीय द्राक्षांत औषधाचे अवशेष सापडल्याची तक्रार झाली आणि त्यानंतर निर्यातीच्या बागांचे नमुने तपासण्याची पद्धत लागली. २०१० साली सीसीसी या वाढरोधकाचे अंश सापडले आणि माल तिकडच्या बंदरांत अडकला. सीसीसी तर कीटकनाशकही नाही, काडी आखूड राहावी म्हणून मारायचं रसायन. तरी फटका बसला आणि ज्यांनी जपून वापरलं होतं त्यांनाही बसला.

अमेरिकेत असंच १९५९ साली झालं होतं. सणाच्या ऐन तोंडावर क्रॅनबेरी या फळात तणनाशकाचे अंश सापडल्याचं सरकारनं जाहीर केलं आणि बाजार कोसळला. रेचेल तेव्हा पुस्तक लिहीतच होत्या. मोजणी शेवटच्या टोकाला, बाजारात झाली की पहिला मार शेतकऱ्याला बसतो, हे तेव्हाही दिसलं आणि २०१० लाही दिसलं. मोजणी शेतात, आधी झाली तर तोच शेतकरी वाचतो. द्राक्षात आपण फळ मोजायला शिकलो. ऊस, आलं, हळद, भुईमूग यांची मुळं आणि गड्डे ज्या मातीत वाढतात, ती माती मोजायची अजून बाकी आहे.

यंदा वळीव पडला की संध्याकाळी बॅटरी घेऊन बाहेर पडा. कडुनिंब, बाभूळ हलवून भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात गोळा करा, गावानं मिळून प्रकाश सापळे लावा. एक मादी मारली की तिची सगळी अंडी गेली, आणि त्यासाठी जमिनीत एक ग्रॅमही काही टाकावं लागत नाही. त्यातूनही औषध टाकायची वेळ आलीच, तर कोणतं, किती आणि कोणत्या तारखेला टाकलं हे वहीत लिहून ठेवा. पुढं कधी माती तपासायला दिली, तर प्रयोगशाळेतला माणूस पहिल्यांदा तीच वही मागेल.